ही गाडी थांबणार कशी?

ट्रकचं पहिलं मॉडेल पूर्ण झालं तेव्हा मी ते मोठ्या कौतुकाने आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांना दाखवायला नेलं. लांब नाकाचा अमेरिकन ट्रक, लाल रंग, क्रोमचा लखलखाट. काकांनी वरून अर्धा मिनिटही पाहिलं नाही. मॉडेल सरळ उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "दिसायला झकास आहे रे. पण ही गाडी थांबणार कशी?"

मला काही कळेना. त्यांनी नखाने दाखवलं. "ह्या हवेच्या टाक्या ना? आणि हे ब्रेकचे डबे. मग मधले पाइप कुठंयत? टाकीतली हवा डब्यात जाणार कशी?"

किटमध्ये, म्हणजे मॉडेल जोडायला मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या संचात, पाइप दिलेच नव्हते, असं मी पुटपुटलो. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. तोवर मला वाटायचं की मॉडेलमध्ये बारकावे भरायचे म्हणजे जमेल तिथे तारा चिकटवायच्या, वर थोडा गंज, थोडा चिखल. काकांमुळे कळलं की ट्रकवरची प्रत्येक नळी कुठून तरी निघते आणि कुठेतरी पोचते. ती कशासाठी आहे हे समजलं की ती किती जाड, कुठल्या रंगाची, ताठ की सैल, हे आपोआप ठरतं. या लेखात तेवढंच सांगायचं आहे, आणि उदाहरणाला घेतलाय तो माझाच ट्रक: पीटरबिल्ट ३५९, एएमटी कंपनीचं १:२५ प्रमाणातलं किट.

ट्रकची ओळख थोडक्यात. टी. ए. पीटरमन हे वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमाचे लाकूड व्यापारी. जंगलातले ओंडके वाहायला दणकट गाड्या हव्यात म्हणून त्यांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची फॅजोल ही ट्रक कंपनी विकत घेतली, आणि १९३९ मध्ये पीटरबिल्ट सुरू झाली. ३५९ हे मॉडेल १९६७ ते १९८७ अशी वीस वर्षं निघालं. लांब चौकोनी नाक, केबिनमागे धुराच्या दोन उभ्या नळ्या, दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या गोल डिझेल टाक्या. अमेरिकन ट्रक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतो तो बहुधा हाच. एएमटीच्या किटचे साचेही बरेच जुने आहेत, आणि त्यांच्यातून आजही किट निघतात.

साच्यातला मोदक

किटमध्ये पाइप का नसतात, याचं उत्तर गणपतीतल्या मोदकाच्या साच्यात आहे. साच्याचे भाग मिटायचे, सारण दाबायचं, साचा उघडायचा, मोदक बाहेर. प्लॅस्टिकचा भागही असाच तयार होतो. फक्त साचा पोलादाचा असतो आणि आत वितळलेलं पॉलिस्टायरिन प्रचंड दाबाने शिरतं. साच्यातल्या मोदकावर जिथे दोन भाग जुळतात तिथे एक बारीक रेघ उमटते ना, तीच रेघ किटच्या प्रत्येक भागावर असते. एक्झॉस्टच्या गोल नळीवर ती उभी धावते आणि रंग दिल्यावर आणखीच उठून दिसते. साचा जुना झाला की त्याच्या फटीतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्राही बाहेर येतो. भाग साच्यातून ढकलून काढायला खिळ्यांसारखे दांडे असतात, त्यांचे गोल वण आतल्या बाजूला राहतात. केबिनच्या छताला आतून किंवा चासीच्या पट्टीवर ते हमखास सापडतात. हे सगळं पॉलिशपेपर आणि पुट्टीने साफ करायचं काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

खरी अडचण पुढे आहे. साचा उघडताना भाग अडकता कामा नये. त्यामुळे पोकळ नळी, आत वळलेली कड, एकमेकांवरून जाणारे दोन पाइप हे दोन तुकड्यांच्या साच्यातून येऊच शकत नाहीत. शिवाय फार बारीक जागेत प्लॅस्टिक शिरत नाही, शिरलंच तर काढताना तुटतं. म्हणून किट बनवणारा पोकळ वस्तू भरीव करतो, पातळ वस्तू जाड करतो आणि लवचीक वस्तू सरळ वगळतो. आपलं काम बरोबर याच्या उलटं: भरीव ते पोकरायचं, जाड ते तासायचं, वगळलेलं परत आणायचं.

पंचविसाने भागा

१:२५ म्हणजे खऱ्या गाडीतला एक मीटर मॉडेलमध्ये ४० मिलिमीटर. चाक खरं साधारण सव्वा तीन-साडेतीन फूट उंच, ते इथे ४२ मिमीच्या आसपास. एवढं सगळ्यांना जमतं. चूक होते ती बारीक वस्तूंत, कारण तिथे डोळा फसवतो.

उलटा हिशोब करून बघा. किटमधल्या मडगार्डची कड १ मिमी जाड आहे. गुणिले पंचवीस, म्हणजे २५ मिमी, म्हणजे एक इंच जाडीचा पत्रा! खरा पत्रा दोन मिलिमीटरसुद्धा नसतो. इतकी पातळ कड प्लॅस्टिकमध्ये निघणार नाही, पण पूर्ण मडगार्ड पातळ करायची गरजही नाही. आतल्या बाजूने फक्त कडेचा तीन-चार मिलिमीटरचा भाग सुरीने आणि पॉलिशपेपरने उतरता तासला की समोरून बघणाऱ्याला अख्खा भाग पत्र्याचा वाटतो. तेच एक्झॉस्टच्या नळीचं. खरी नळी पाच इंच व्यासाची, म्हणजे इथे ५ मिमी. टोक हातड्रिलने पोकरायचं, कड धारेसारखी करायची, आत काळा रंग. दहा मिनिटांचं काम आहे, आणि मला विचाराल तर अख्ख्या ट्रकमध्ये इतक्या कमी कष्टात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

तारांसाठीही हाच हिशोब. बाजारात मॉडेलवाल्यांसाठी खास तारा-नळ्या मिळतात, पण परदेशातून मागवल्या की खिशाला चाट बसते. मी औषधाच्या दुकानातून इंजेक्शनच्या सुया आणतो. सुईचा व्यास ठरलेला असतो: १८ नंबरची बाहेरून १.२७ मिमी, २१ नंबरची ०.८२, २६ नंबरची ०.४६. पंचविसाने गुणलं तर अनुक्रमे ३२, २० आणि साडेअकरा मिलिमीटरचे धातूचे पाइप झाले, तेही पोकळ. टोक मात्र आधी कानशीने घासून टाका. जुन्या इअरफोनमधल्या तारा, विजेच्या वायरीतली तांब्याची केसासारखी तार, सोल्डरची तार हा सगळा खजिनाच. सोल्डरची तार वळवाल तशी राहते, उसळी मारून परत सरळ होत नाही, म्हणून रबरी होजसाठी ती मला सगळ्यांत आवडते. तिच्यात शिसं असू शकतं, तेव्हा काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे. गिटारच्या जाड तारेवर बारीक तार गुंडाळलेली असते, ती जाळीदार आवरणाच्या होजसारखी हुबेहूब दिसते.

हवेचा रस्ता

आता काकांचा प्रश्न. अवजड ट्रकचे ब्रेक तेलावर नाही, दाबलेल्या हवेवर चालतात. इंजिनवर एक कॉम्प्रेसर असतो. इंजिन चालू असेपर्यंत तो हवा दाबून टाक्यांमध्ये भरतो, दाब साधारण १०० ते १२० पीएसआय. कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा तापलेली असते, त्यामुळे तिथून निघणारी पहिली नळी धातूची असते, रबराची चालत नाही. हवेबरोबर ओलही येते. म्हणून पहिली टाकी 'ओली टाकी' समजली जाते. पाणी तिथे खाली साचतं आणि टाकीच्या बुडाशी ते सोडायचा छोटा वाल्व असतो. मॉडेलमध्ये टाकीच्या पोटाखाली एवढासा ठिपका, चिकटवला की झालं. पण असला ठिपका पाहिला की जाणकार माणूस गालात हसतो.

ओल्या टाकीतून हवा पुढच्या दोन टाक्यांत जाते. एक मुख्यतः मागच्या चाकांची, एक पुढच्यांची, म्हणजे एक बाजू फुटली तरी गाडी थांबवता येते. ड्रायव्हर पेडल दाबतो तेव्हा तो खरं तर एक वाल्व उघडत असतो. आता केबिनपासून मागच्या धुरांपर्यंत पाइप लांबलचक, सगळी हवा तिथून पाठवायची तर ब्रेक लागायला उशीर होणार. यावर युक्ती अशी की पेडलकडून फक्त निरोप जातो. मागच्या धुरांजवळ चासीवर एक रिले वाल्व बसवलेला असतो, त्याला टाकीतून जाड नळीने थेट हवा मिळालेली असते. पेडलकडून बारीक नळीने निरोप आला की तो जवळची हवा चारही डब्यांत सोडतो. म्हणजे मॉडेलवर काय दिसणार? चासीच्या आतल्या बाजूने पुढून मागे धावणाऱ्या नळ्यांचा जुडगा, दोन धुरांच्या मधे एक छोटा गोळा, आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या फुटलेल्या नळ्या.

डब्यांकडे नीट बघा. ३५९ ला मागे दोन धुरा, म्हणजे चार डबे. हे डबे दुहेरी असतात, एकावर एक ठेवलेल्या दोन वाट्यांसारखे. पुढच्या अर्ध्यात हवा आली की ब्रेक लागतो. मागच्या अर्ध्यात मात्र उलटा कारभार आहे. तिथे एक जबरदस्त स्प्रिंग कायम ब्रेक लावायला टपलेली असते आणि हवेच्या दाबाने तिला मागे रेटून धरलेलं असतं. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप लागतो. पार्किंग ब्रेक म्हणजे हाच, आणि हवेची गळती झाली तर गाडी घरंगळू नये ही सोयसुद्धा हीच. त्यामुळे मागच्या प्रत्येक डब्याला दोन नळ्या, एकूण आठ. पुढच्या चाकांचे डबे एकेरी, तिथे स्प्रिंग नाही, म्हणून एकेक नळी. बेरीज दहा. काकांच्या प्रश्नाचं हे उत्तर.

मापं: डबा खरा साधारण आठ इंच व्यासाचा, म्हणजे इथे ८ मिमी. किटमधला डबा त्याहून बराच लहान असेल तर प्लॅस्टिकच्या चकत्या लावून वाढवावा. डब्यांना जाणारी रबरी नळी बाहेरून पाऊण इंच, म्हणजे ०.७५ मिमीच्या आसपास. सोल्डरची पातळ तार इथे चपखल बसते.

आणि एक गोष्ट, जी मी दोन ट्रक वाया घालवून शिकलो. चासीला धरून जाणारी नळी ताठ असते, ठरावीक अंतरावर पट्टीने आवळलेली. पण चासीवरून धुऱ्यावर उतरणारी नळी सैल असलीच पाहिजे. धुरा कमानपाट्यांवर टांगलेला आहे, खड्ड्यात गाडी गेली की तो चांगलाच वरखाली होतो. नळी ताठ असेल तर पहिल्याच खड्ड्यात तुटेल. म्हणून तिथे एक झोल हवा. बायकांच्या गळ्यातल्या माळेसारखा सहज पडलेला, कृत्रिम कोन नसलेला. तार बोटांनी दुमडू नका, पेन्सिलीवरून वळवा.

केबिनच्या मागे ट्रेलरला जोडायच्या नळ्या असतात. अमेरिकेत लाल नळी हवेच्या पुरवठ्याची, निळी पेडलच्या निरोपाची, आणि त्यांच्या जोडीला विजेची केबल, ती हल्ली बऱ्याचदा हिरवी, त्या काळी बहुधा काळी. युरोपीय ट्रकचं मॉडेल करत असाल तर निळीच्या जागी पिवळी येते, हे विसरू नका. या नळ्या फोनच्या जुन्या वायरीसारख्या गुंडाळलेल्या असतात. अर्ध्या मिलिमीटरची तार दीड मिलिमीटरच्या ड्रिलच्या दांड्यावर शेजारी शेजारी गुंडाळायची, काढून थोडी ताणायची, मग रंग. रंग आधी देऊन गुंडाळलीत तर तो तडकतो. माझा तडकला होता.

डिझेलला ठिणगी लागत नाही

इंजिनपाशी आलं की मोटारीची मॉडेलं करणाऱ्यांचा हात सवयीने स्पार्क प्लगच्या वायरींकडे जातो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून इतकी तापते की त्यात फवारलेलं डिझेल आपणच पेटतं. तेव्हा डिस्ट्रिब्युटर नाही, वायरींचं जंजाळ नाही. त्याऐवजी काय दिसतं ते इंजिनच्या घराण्यावर अवलंबून. त्या काळच्या कॅटरपिलर इंजिनांत पंपापासून सहा सिलिंडरांकडे सहा बारीक पोलादी नळ्या जातात. गंमत म्हणजे त्या सगळ्यांची लांबी सारखी ठेवतात, म्हणजे डिझेल सगळीकडे एकाच हिशोबाने पोचतं. साहजिकच जवळच्या सिलिंडरच्या नळीला जास्त वळणं. कमिन्समध्ये आणि डेट्रॉइट डिझेलमध्ये दाब इंजेक्टरच्या आतच तयार होतो, तिथे असल्या नळ्या बाहेर दिसतच नाहीत. रंगही तसेच: कॅटरपिलर पिवळं, डेट्रॉइट फिकट हिरवं, सत्तरच्या दशकातलं कमिन्स मातकट बदामी. आधी आपल्या किटमध्ये कोणतं इंजिन आहे हे बघा, मग तारा घ्या.

टर्बोचार्जर, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, हा माझा लाडका भाग. त्याला दोन गोगलगायी पाठीला पाठ लावून बसल्यासारखं रूप असतं. एका गोगलगायीतून गरम धूर जातो, ती ओतीव लोखंडाची, तापून गंजलेली, तांबूस तपकिरी. दुसरीतून बाहेरची हवा आत खेचली जाते, ती ॲल्युमिनियमची, राखाडी. दोन्हींना एकच रंग फासला की टर्बो मेला. गरम गोगलगायीसाठी आपल्या घरचा गेरू घ्या. तुळशीवृंदावनाला किंवा कुंड्यांना लावतो तोच. गेरू म्हणजे मुळात लोहाची गंजलेली मातीच, त्यामुळे गंजाचा रंग आणखी कुठे शोधायला नको. मलमलीतून गाळून घ्यायचा आणि ओलसर रंगावर कोरड्या ब्रशने टिपायचा. रांगोळी मात्र वापरू नका. तिचा कण फार मोठा, पंचविसाने गुणलं की खडी होते.

डिझेलच्या टाक्यांचं गणित सोपं. दोन टाक्या, त्यांना तळाशी जोडणारी एक नळी, म्हणजे दोन्हीकडची पातळी सारखी राहते. टाकीतून इंजिनकडे एक नळी जाते आणि इंजिनकडून एक परत येते, कारण डिझेल इंजिन लागतं त्याहून जास्त इंधन मागवतं आणि उरलेलं माघारी धाडतं. टाकी धरणाऱ्या पट्ट्यांखाली रबराची काळी पट्टी असते, धातूवर धातू घासू नये म्हणून. ती बारीक काळी रेघ पट्टीच्या दोन्ही कडांना दिसली पाहिजे.

क्रोम आणि काच यांबद्दल थोडंच सांगतो. किटमधलं क्रोम म्हणजे वार्निशवर चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. प्लॅस्टिकचा सिमेंट प्लॅस्टिक वितळवून जोडतो, क्रोमवर त्याचं काही चालत नाही, म्हणून जोडायच्या जागी क्रोम खरवडायचं. क्रोम नकोच असेल तर कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवलं की तो थर निघून जातो. तारांना इन्स्टंट गोंद लागतो, पण त्याच्या वाफेने काच आणि क्रोम दोन्ही पांढुरके होतात. काचेला साधं फेविकॉल, तेही काडीच्या टोकाने. आरशांसाठी स्वयंपाकघरातली फॉइल उत्तम. छतावरचे पाच छोटे दिवे अंबर रंगाचे. आधी चंदेरी रंग, त्यावर पारदर्शक नारिंगी, म्हणजे आत बल्ब असल्यासारखा उजेड येतो.

टायरबद्दल एक इशारा. जुन्या किटमधले टायर मऊ व्हिनाइलचे असतात. त्यांना मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि पॉलिस्टायरिनचं चाक खाऊ लागतं. माझ्या एका ट्रकचा टायर दोन वर्षांनी काढला तर खालचं चाक मेणबत्तीसारखं वितळलेलं. चाकाच्या कडेला आधी फॉइलची पट्टी गुंडाळली की हा त्रास टळतो. टायरच्या मधोमध साच्याची रेघ असते, ती पॉलिशपेपरने घासताना टायर थोडा वापरल्यासारखाही होतो. एका दगडात दोन पक्षी.

किती अंतरावरून बघताय?

मॉडेल आपण साधारण एक फुटावरून बघतो. ३० सेंटिमीटर गुणिले २५ म्हणजे साडेसात मीटर. म्हणजे रस्त्याच्या पलीकडे उभा असलेला खरा ट्रक. तिथून काय दिसतं? दाराचं हँडल दिसतं, रिव्हेटच्या रांगा दिसतात, नळ्यांचे रंग दिसतात. बोल्टवरची खाच दिसत नाही. कुठे थांबायचं हे ठरवायला मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही.

रंगालाही हीच कसोटी. अंतर वाढलं की मधल्या हवेमुळे गडद रंग फिके आणि राखाडी दिसतात. म्हणून मॉडेलवर डांबरासारखा काळा रंग खोटा वाटतो. चासीला काळ्यात थोडा राखाडी मिसळावा, टायरला त्याहून जास्त. रिव्हेटचं म्हणाल तर पीटरबिल्टची केबिन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची, रिव्हेट ठोकून जोडलेली. साच्याची रेघ घासताना हे रिव्हेट हमखास पुसले जातात. फेविकॉलचे थेंब सुईच्या टोकाने एका रांगेत टिपले की वाळल्यावर छान उठाव येतो. पट्टी लावून टिपा, नाहीतर रांग नाचते.

घाण कुठून आली?

आता मजेचा भाग, आणि सर्वांत जास्त मॉडेलं बिघडतात तीही इथेच. पीटरबिल्टच्या केबिनवर नारिंगी गंजाचे पोपडे रंगवलेले मी कितीदा पाहिले आहेत. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही! ते फार तर निस्तेज, पांढुरकं होतं. गंज हवा असेल तर तो पोलादावर: चासी, पाटे, धुरांचे आवरण, ब्रेकचे ड्रम. शिवाय हे ट्रक बहुतेकदा मालक स्वतः चालवायचे. आपल्याकडे दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतात ना, तशी त्यांची निगा रोजची असायची. असा ट्रक वरून आरशासारखा आणि खालून राबलेला. हा विरोध मॉडेलमध्ये आला की ट्रकला मालक आहे असं वाटतं.

प्रत्येक डागाला कारण शोधा. टाकीच्या झाकणाखाली डिझेलचा ओघळ येतो, आणि डिझेल लवकर उडून जात नसल्यामुळे त्यावर धूळ बसून तो गडद होतो. पायरीच्या मधोमध बुटांनी घासून धातू चमकतो, कडेला मळ साचतो. दाराच्या हँडलभोवती हातांचा तेलकटपणा. चासीचा पुढचा भाग इंजिनच्या तेलाने काळा, मागचा चाकांनी उडवलेल्या धुळीने फिका. पुढच्या बंपरवर मेलेल्या किड्यांचे ठिपके, थोडा रंग लावलेल्या टूथब्रशवरून बोट फिरवून उडवावेत, तेही अगदी मोजके. केबिनमागे ट्रेलर जिथे टेकतो ती जाड पोलादी तबकडी तर ग्रीसने माखलेली असायलाच हवी, नाहीतर वळताना ट्रेलर अडेल. तिथे काळा चकचकीत रंग, त्यावर वळताना ट्रेलरच्या तळाने घासलेल्या अर्धगोल रेघा. उभ्या एक्झॉस्टच्या खालच्या कोपरात क्रोम तापून आधी पिवळसर, मग जांभळा, मग निळा होतो. हा क्रम उलटा करू नका. जिथे धातू जास्त तापतो तिथे निळा. धुराच्या तोंडाशी काजळी हवी, तर निरांजनावर बशी धरून घरीच काजळी काढा. यापेक्षा अस्सल काही मिळणार नाही.

धुळीचा रंग कुठल्या मुलखाचा, हेही ठरवावं लागतं. माझ्या पहिल्या ट्रकवर मी हौसेने महाबळेश्वरच्या वाटेवरची लाल माती चाळून लावली. दिसायला सुंदर, पण तो ट्रक कॅलिफोर्नियाचा. तिकडच्या सपाट शेतीच्या खोऱ्यातली धूळ फिकट, गव्हाळ. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे चासीवर पांढुरके थर आणि त्याखाली भरपूर गंज. लाल माती लावलीच तर ट्रकला पासपोर्ट लागेल.

काळही ठरवा. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, आणि पुढे कुठे पोलीस आहेत हे एकमेकांना सांगायला ट्रकवाल्यांमध्ये सीबी रेडिओचं, म्हणजे गाडीतून गाडीशी बोलायच्या बिनतारी संचाचं, पेव फुटलं. म्हणून सत्तरच्या दशकाच्या मध्यावरचा ट्रक असेल तर दोन्ही आरशांच्या दांड्यांवर एकेक अँटेना जवळजवळ हवाच. किटमधले भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लागून येतात तिची काडी मेणबत्तीवर धरून ती मऊ झाली की दोन्हीकडून सावकाश ओढायची, केसासारखा धागा निघतो. चार फुटांची अँटेना म्हणजे जेमतेम ४९ मिमी.

संदर्भासाठी जाहिरातीतले फोटो टाळा; त्यांत नळ्या दिसत नाहीत, फक्त क्रोम दिसतं. जुन्या ट्रकच्या दुरुस्तीचे फोटो, वापरलेल्या ट्रकच्या विक्रीचे फोटो सोनं आहेत. आयोवा राज्यातल्या वॉलकॉटला आयोवा ८० हे ट्रकचं संग्रहालय आहे, तिथे गेलेल्या लोकांनी काढलेले बारकाव्यांचे फोटोही भरपूर मिळतात. आणि ब्रेकचं तत्त्व समजून घ्यायला परदेश गाठायची गरज नाही. हायवेवरच्या ढाब्यापाशी उभ्या ट्रेलरच्या मागच्या चाकांशी ड्रायव्हरला विचारून वाकून बघा. दोन वाट्यांचे डबे, सैल झोल, चिकटलेली धूळ, सगळं तिथे आहे. रंग आणि जागा मात्र तिथून उचलू नका.

दुसरा ट्रक झाल्यावर मी परत काकांकडे गेलो. त्यांनी तो पुन्हा उलटा केला, नखाने दहाही नळ्या मोजल्या, मान डोलावली. मग पुढच्या चाकाजवळ डोळे बारीक करून म्हणाले, "इथे वायर लोंबतेय बघ एक." वायर नव्हती ती. रंग ओला असताना चिकटलेला केस होता. माणसाचा केस ०.०७ मिमीच्या आसपास. पंचविसाने गुणलं की पावणेदोन मिलिमीटरची तार. चिमट्याने काढला, तिथला रंग परत मारला, आणि येताना काचेच्या पेटीसाठी माप देऊन आलो.